साखरेआड दडलेले आम्ल : डायबेटिक कीटोॲसिडोसिसच्या आकलनाचा इतिहास

१/२२
'मधुमेह' या शब्दातच मध आहे. त्यामुळे या रोगाचा इतिहास सांगताना आपण साखरेपासून सुरुवात करतो आणि बहुधा इन्सुलिनपाशी येऊन थांबतो. पण १९२२ पूर्वी या रोगाने दगावलेल्या बहुतेक मुलांचा जीव अखेरीस घेतला तो रक्तात साचलेल्या आम्लाने. या अवस्थेला आज 'डायबेटिक कीटोॲसिडोसिस' म्हणतात. हे आम्ल वैद्यकाला कसे सापडले आणि सापडल्यावरही कित्येक वर्षे रुग्ण का वाचले नाहीत, याविषयी हा दीर्घ थ्रेड.

२/२२
पुढे येणारी माणसे नेमके काय शोधत होती हे कळावे म्हणून आधी शरीरात काय घडते ते पाहू. इन्सुलिन हे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक. ते पेशींना रक्तातील साखर वापरू देते आणि त्याच वेळी मेदाच्या साठ्याला कुलूप घालून ठेवते. इन्सुलिन जवळजवळ संपले की दोन्ही कामे थांबतात. रक्तात साखर तुडुंब असूनही पेशी उपाशी राहतात. मेदाचे कुलूप उघडते, मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे जातो आणि यकृत त्यांपासून 'कीटोन' नावाचे पदार्थ भराभर तयार करू लागते.

३/२२
कीटोन हे एरवी शरीराचे मित्रच. प्रदीर्घ उपासात मेंदू त्यांच्यावर निभावून नेतो. मात्र निरोगी माणसाच्या उपासात थोडे का होईना इन्सुलिन शिल्लक असते आणि तेच कीटोनांना लगाम घालते. इथे तो लगामच तुटलेला असतो. प्रमुख कीटोनांपैकी दोन आम्लधर्मी आहेत. ती साचत गेली की रक्ताचा सामू ७.३ च्या खाली उतरतो (सामान्यतः तो ७.३५ ते ७.४५ असतो). शिवाय लघवीवाटे जाणारी साखर आपल्याबरोबर पाणी आणि क्षार ओढून नेते. तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, मग गुंगी आणि शेवटी कोमा अशी ही उतरंड आहे.

४/२२
प्राचीन वैद्यांनी या उतरंडीची वरची पायरी नीट पाहिली होती. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रुग्ण कृश आणि सतत तहानलेला, दुसऱ्याचा स्थूल. इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियाच्या (आजचे तुर्कस्तान) अरेटेअसने लिहिले की या रोगात मांस जणू विरघळून मूत्रात वाहून जाते आणि एकदा रोग पुरता जडला की अंत लवकर येतो. निरीक्षणे विलक्षण आहेत. पण त्यांत आजचा 'टाइप १' किंवा कीटोॲसिडोसिस शोधून 'आम्हाला सगळे ठाऊक होते' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रुग्ण का मरतो, हा प्रश्न तिथे अजून वेगळा मांडलेलाच नव्हता.

५/२२
पुढची कित्येक शतके नजर गोडव्यावर खिळून राहिली. १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी मूत्राच्या मधुर चवीची नोंद केली. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाचे मूत्र आटवले, तेव्हा भांड्याच्या तळाशी साखरेसारखा पदार्थ उरला. रुग्णाच्या रक्ताचा द्रवही त्यांना गोड लागला. म्हणजे ही साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती, ती आधीच रक्तात होती. हा शोध फार मोठा होता. त्याचा एक परिणाम मात्र असा झाला की मधुमेह म्हणजे साखर हे समीकरण पक्के बसले.

६/२२
या समीकरणाबाहेरचा पहिला धागा एका वासाने दिला. मरणासन्न मधुमेहींच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा गोडसर वास येई. १८५७ मध्ये प्रागच्या विल्हेल्म पेटर्स यांना अशा रुग्णाच्या मूत्रात ॲसिटोन सापडले. नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवाचा जो उग्र वास येतो, तो याच पदार्थाचा. १८६५ मध्ये कार्ल गेरहार्ट यांनी दाखवले की अशा मूत्रात फेरिक क्लोराइड टाकले की गडद लाल रंग येतो. तो रंग ॲसिटोॲसिटिक आम्लामुळे येतो, हे पुढे स्पष्ट झाले. साखरेशिवाय आणखी काहीतरी या शरीरात तयार होत होते, आणि ते रुग्ण अत्यवस्थ असतानाच जास्त दिसत होते.

७/२२
आता १८७४ सालच्या जर्मनीतील फ्रायबर्ग येथे येऊ. अडोल्फ कुसमाउल यांनी 'मधुमेहींच्या मृत्यूचा एक विलक्षण प्रकार' या आशयाच्या मथळ्याखाली काही रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. रुग्ण इतके क्षीण की हात उचलवत नाही, पण श्वास मात्र प्रचंड. छाती पूर्ण फुगते, पूर्ण रिकामी होते, तीही जलद आणि अखंड. दमेकऱ्याच्या श्वासासारखी त्यात घरघर नाही, वायुमार्गात कुठे अडथळा नाही. हवा मोकळेपणाने आत-बाहेर करते आहे आणि तरीही माणूस हवेसाठी आसुसल्यासारखा दिसतो. त्यानंतर कोमा आणि मृत्यू. या श्वासाला वैद्यक आजही 'कुसमाउल श्वसन' म्हणते.

८/२२
कुसमाउल यांचे मोठेपण हे की फुप्फुसांत दोष सापडत नसतानाही त्यांनी या श्वासाकडे दुर्लक्ष केले नाही. कारण रक्तात कुठेतरी असावे, असा तर्क त्यातून पुढे आला. पहिला संशय साहजिकच ॲसिटोनवर गेला, कारण वास त्याचाच होता. पण प्राण्यांना ॲसिटोन देऊन पाहिले तरी हे चित्र हुबेहूब उभे राहीना. वास खरा होता, पण खरा गुन्हेगार त्याच्या आडोशाला उभा होता.

९/२२
उत्तराचा पुढचा तुकडा मधुमेहाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून आला. १८७७ मध्ये फ्रीडरिश वाल्टर यांनी सशांना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पाजले. ससे खोल, जोरकस श्वास घेऊ लागले, मग निपचित पडले आणि मेले. मात्र वेळेत शिरेतून सोडियम कार्बोनेट दिले, तर मरणाच्या दारातला ससा पुन्हा उठून बसे. आम्लाचे विष म्हणजे काय, त्यात श्वास कसा होतो आणि अल्काने ते कसे उतरते, हे प्रथमच इतके स्पष्ट दिसले. सशांचा हा श्वास आणि कुसमाउल यांच्या रुग्णांचा श्वास एकमेकांशेजारी ठेवून पाहणे एवढेच आता बाकी होते.

१०/२२
यानंतरचा भाग एखाद्या हिशेबनिसाच्या चोपडीसारखा आहे. १८८० मध्ये हालरफोर्डेन यांना काही मधुमेहींच्या मूत्रात अमोनिया फार आढळला. अमोनिया हे अल्क. शरीर ते एवढ्या प्रमाणात बाहेर टाकते, ते कोणते तरी आम्ल शमवण्यासाठीच. १८८३ मध्ये क्योनिग्सबर्गच्या (आजचे रशियातील कालिनिनग्राद) एर्न्स्ट श्टाडेलमान यांनी मूत्रातील सर्व ज्ञात आम्ले आणि अल्के मोजून त्यांचा ताळेबंद मांडला. तो जुळेना. अल्कांची बाजू जड राहिली. याचा अर्थ एकच : आम्लाच्या बाजूची एक मोठी रक्कम नोंदीत आलेलीच नव्हती. कुणीही न पाहिलेल्या आम्लाचे अस्तित्व त्यांनी असे हिशेबातून सिद्ध केले.

११/२२
श्टाडेलमान यांना ते आम्ल क्रोटॉनिक वाटले. वर्षभरात, १८८४ मध्ये, त्याच क्योनिग्सबर्गमध्ये ओस्कार मिंकोव्स्की यांनी त्याची खरी ओळख पटवली : बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल. क्रोटॉनिक आम्ल हे प्रयोगशाळेतील प्रक्रियेत त्याच्यापासूनच तयार झाले होते. त्याच वर्षी एडुआर्ड क्युल्झ हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. मिंकोव्स्की यांचे गुरू बर्नहार्ड नाउनिन यांनी पुढे या अवस्थेला 'ॲसिडोसिस' हे नाव रूढ केले. (गणिताच्या चाहत्यांसाठी : अवकाश-काळाची चौमिती मांडणारे हेर्मान मिंकोव्स्की हे ओस्कार यांचे धाकटे भाऊ.)

१२/२२
आता कुसमाउल यांच्या कोड्याची उकल झाली. रक्तातील बायकार्बोनेट आम्लाला शमवते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. तो बाहेर टाकता आला तर आम्लता थोडी आटोक्यात राहते. म्हणून शरीर भाता चालवावा तशी छाती चालवते. तो श्वास म्हणजे शरीराची शेवटची तटबंदी होती. हवा कमी पडत असल्याचे ते लक्षणच नव्हते.
कारण कळले, उपायही हाताशी दिसत होता : वाल्टर यांच्या सशांप्रमाणे रुग्णांना अल्क द्यावे. तसे ते दिलेही गेले. काही रुग्ण थोडा वेळ सावध झाले आणि पुन्हा कोमात बुडून मेले.

१३/२२
हे असे का? सशाला बाहेरून एकदाच आम्ल दिले होते. मधुमेह्याच्या यकृतात ते दर क्षणाला नव्याने तयार होत होते. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखा हा प्रकार होता. नळ कुठे आहे, याचा सुगावाही पुन्हा मिंकोव्स्की यांनाच लागला. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे योझेफ फोन मेरिंग यांच्यासह त्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. ज्यांनी आम्ल ओळखले, त्यांनाच पाच वर्षांनी रोगाचे उगमस्थान सापडले. पण स्वादुपिंडातून नेमके काय मिळते आणि ते रुग्णाला कसे द्यावे, याचे उत्तर मिळायला आणखी तीन दशके जायची होती.

१४/२२
मधल्या काळात ज्ञान वाढत राहिले. १९०४ मध्ये फ्रान्झ क्नूप यांनी मेदाम्लांची साखळी शरीरात दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तुटते हे दाखवले, आणि कीटोन मेदापासून येतात हे उमगू लागले. यातून एक क्रूर पेच उभा राहिला. पिष्टमय अन्न दिले तर साखर वाढते. ते बंद करून लोणी-मांसावर रुग्णाला पोसले तर कीटोन वाढतात. मग द्यायचे तरी काय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील फ्रेडरिक ॲलन यांचे उत्तर होते : जवळजवळ काहीच नाही. १९१५ च्या सुमारास त्यांची उपासचिकित्सा प्रसिद्ध झाली. एकूण अन्नच इतके कमी करायचे की साखरही वाढू नये आणि कीटोनही.

१५/२२
ही चिकित्सा निर्दय होती, पण निर्बुद्ध नव्हती. त्या काळी हाती असलेल्या ज्ञानाचा तो काटेकोर वापर होता. त्याची किंमत पाहा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हिला १९१९ मध्ये मधुमेह झाला आणि ती ॲलन यांच्या उपचाराखाली गेली. ऑगस्ट १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिचे वजन सुमारे २० किलो होते. तिला जगवायचे म्हणजे उपाशी ठेवायचे. उपासाने मरण की आम्लाने, एवढीच निवड उरली होती. त्याच महिन्यात तिला टोरंटोला नेले, कारण तिथे काहीतरी घडले होते.

१६/२२
११ जानेवारी १९२२. टोरंटो जनरल हॉस्पिटल. १४ वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन, वजन सुमारे २९ किलो. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी बनवलेला स्वादुपिंडाचा अर्क त्याला टोचण्यात आला. रक्तातील साखर ४४० वरून ३२० पर्यंत उतरली. आकड्यावर भाळून 'यश' म्हणता आले असते. पण मूत्रातील कीटोन हटले नाहीत, आणि सुईच्या जागी गळू झाले. प्रयोग थांबवला गेला. साखर उतरूनही रुग्णाचे खरे संकट तसेच राहू शकते, हे त्या दिवशी एका मुलाच्या शरीरात दिसले.

१७/२२
पुढचे बारा दिवस रसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप अर्क शुद्ध करत होते. २३ जानेवारीला नवा अर्क दिला गेला. चोवीस तासांत रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली. आणि यावेळी मूत्रातून कीटोनही नाहीसे झाले. मिंकोव्स्की यांनी १८८४ मध्ये ओळखलेले आम्ल प्रथमच उगमाशी थांबले होते. नळ बंद झाला. मधली वर्षे मोजा : अडतीस. लिओनार्ड आणखी तेरा वर्षे जगला. एलिझाबेथ ह्यूज १९८१ पर्यंत जगली. मिंकोव्स्की यांनीही आपल्या हयातीत इन्सुलिन पाहिले. त्यांचे निधन १९३१ मध्ये झाले.

१८/२२
इथे एका लोकप्रिय आख्यायिकेचा समाचार घ्यायला हवा. कोमात गेलेल्या मुलांनी भरलेला वॉर्ड, शास्त्रज्ञ एकेका खाटेपाशी जाऊन इन्सुलिन टोचतात, शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचण्याआधीच पहिले मूल डोळे उघडते... ही गोष्ट समाजमाध्यमांवर सतत फिरते. पहिल्या रुग्णांच्या नोंदींत असा प्रसंग नाही. लिओनार्ड कोमात नव्हता. मार्च १९२२ च्या पहिल्या अहवालात सात रुग्णांची माहिती आहे, वॉर्डाची नाही. आणि रोगाच्या स्वभावाकडे पाहा : इन्सुलिनपूर्व काळात हा कोमा काही तासांत वा दिवसांत जीव घेई. अशा मुलांनी वॉर्ड भरून ठेवणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी टोरंटोत डॉ. ग्लॅडिस बॉइड यांच्या देखरेखीखाली कोमातील एक मुलगी शुद्धीवर आली. खरा चमत्कार असा एकेका रुग्णाच्या उशाशी, तासन्‌तासांच्या कष्टाने घडला.

१९/२२
इन्सुलिन आले, तरी कथा संपली नाही. बहुतेक इतिहास इथे पडदा पाडतात; पण कीटोॲसिडोसिसचे काही रुग्ण आता एका नव्या रीतीने दगावत होते. साखर उतरते, आम्ल ओसरते, रुग्ण सुधारतो आहे असे वाटते, आणि काही तासांनी स्नायू लुळे पडतात, श्वास मंदावतो, हृदय थांबते. आता दोष उपचाराच्या आड दडला होता. आम्लपित्तासारखी ही किरकोळ आम्लता नव्हे. या अवस्थेत पोटॅशियम पेशींतून बाहेर पडून लघवीवाटे वाहून जाते. इन्सुलिन दिले की रक्तात उरलेसुरले पोटॅशियमही झपाट्याने पेशींत शिरते, आणि रक्तातली पातळी कोसळते.

२०/२२
इथेही जाणणे आणि वाचवणे यांत अंतर राहिलेच. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या डेना ॲचली, रॉबर्ट लोब आणि सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांचे इन्सुलिन काळजीपूर्वक थांबवून, मग पुन्हा सुरू करून शरीरातील क्षारांचा जमाखर्च मांडला. पोटॅशियमची तूट त्या कागदावर होती. पण रुग्णाच्या खाटेपाशी तिला जागा मिळाली ती १९४६ मध्ये जेकब हॉलर यांनी उपचारादरम्यान श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाची हकिगत आणि पोटॅशियमचा उपाय प्रसिद्ध केल्यानंतर. ज्वालेच्या रंगावरून क्षार मोजणारे फ्लेम फोटोमीटर त्याच सुमारास रुग्णालयांत येऊ लागले, आणि जे मोजायला दिवस लागत ते मिनिटांत कळू लागले.

२१/२२
तोवर समजूत अशी होती की कोमा जितका गाढ, तितके इन्सुलिन अधिक. शेकडो युनिट दिली जात. १९७३ मध्ये ब्रिटनच्या जॉर्ज अल्बर्टी आणि सहकाऱ्यांनी दर तासाला थोडे थोडे इन्सुलिन देऊनही रुग्ण तितकेच बरे होतात हे दाखवले. १९७६ मध्ये मेम्फिसच्या अब्बास किताबची यांच्या गटाने दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना करून त्याला दुजोरा दिला. कमी मात्रेत साखर आणि पोटॅशियम एकाएकी कोसळण्याचा धोकाही कमी. आजचा उपचार या सगळ्या पिढ्यांचा वारसा आहे : आधी सलाइन, मग मोजून-मापून इन्सुलिन, आणि पोटॅशियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष. चांगल्या रुग्णालयात प्रौढांमधील मृत्यूचे प्रमाण आता एक टक्क्याहूनही कमी आहे.
२०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधुमेहावरील नव्या 'एसजीएलटी-२' औषधांबाबत इशारा दिला की रक्तातील साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. साखरेच्या आकड्यावर विसंबू नका, हा धडा एकविसाव्या शतकात पुन्हा गिरवावा लागला.

२२/२२
या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. कळणे आणि वाचवणे यांत नेहमीच एक दरी असते. आम्लाच्या बाबतीत ती अडतीस वर्षांची होती, पोटॅशियमच्या बाबतीत तेरा वर्षांची. आज ज्ञान आहे, औषधही आहे. तरी दरी उरली आहे, फक्त ती आता प्रयोगशाळेतून घराच्या उंबरठ्यापर्यंत सरकली आहे. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागते, रात्री अंथरूण ओले करते, वाळत जाते, आणि घरचे म्हणतात उन्हाळा आहे. खोल श्वासाला न्यूमोनिया समजले जाते, पोटदुखीला अपेंडिक्स, उलट्यांना अपचन. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब आणि लघवीतील कीटोनची एक पट्टी काही मिनिटांत खरे उत्तर देते. मधुमेह असलेल्या माणसाने 'आज जेवण नाही, म्हणून इन्सुलिन नको' असे परस्पर ठरवणे हेही याच दरीकडे नेणारे पाऊल आहे. आजारपणात इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.
कुसमाउल यांच्याकडे तो श्वास ओळखण्याची नजर होती, औषध नव्हते. आपल्याकडे औषध आहे. त्या नजरेची आपल्याला अजून गरज आहे. थ्रेड समाप्त.